मी, भुतं आणि एक वही

कुणाला तिकिटं जमवण्याचा छंद असतो, कुणाला जुनी नाणी. अस्मादिकांना भुतं जमवण्याचा आहे. वाचकहो, घाबरू नका, ही सारी पडद्यावरची! एक दोनशे पानी वही आहे, तिच्यावर जाड अक्षरांत ‘भूतपट’ असं लिहिलेलं आहे आणि आत आजवर पाहिलेल्या एकशे बारा चित्रपटांची परीक्षणं आहेत. गुण देण्याची पद्धत माझी स्वतःची. वर्तमानपत्रवाले चांदण्या देतात, मी दिवे देतो. चित्रपट पाहून जितक्या रात्री दिवा लावून झोपावं लागलं, तितके दिवे. पाचाच्या वर कुठलाच चित्रपट गेलेला नाही, कारण पाचव्या रात्री बाबा उठून बटण बंद करतात आणि विजेच्या बिलावर बोलू लागतात. ते भय निराळं.

खरं तर हा रोग मला बाबांकडूनच लागला. १९८४ साली रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ आला तेव्हा ते नववीत होते. शाळा बुडवून गेले आणि पडद्यावर सामरी उभा राहिला तसे खुर्चीखाली गेले. मध्यंतरापर्यंत ते तिथेच होते, असं आत्या सांगते. बाबा म्हणतात, चप्पल शोधत होतो. तो सामरी झालेले अनिरुद्ध अग्रवाल शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर होते, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते अगदी हिरमुसले. “म्हणजे मी इंजिनिअरला भ्यालो?”

या रामसेंची हकिकत मोठी गमतीची आहे. १९७० साली त्यांच्या वडिलांनी ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ नावाचा चित्रपट काढला, तो आपटला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा चढवून चोरी करतात तो प्रसंग लोकांना आवडला, एवढं मुलांनी हेरलं आणि १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ बाहेर पडला. पडेल चित्रपटातला एकच प्रसंग उचलून त्यावर घराण्याचा धंदा उभा करणं, याला मी तरी प्रतिभाच म्हणेन. त्यांच्या चित्रपटांना मी फारसे दिवे दिलेले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

नागपूरकराला भूतपट पाहण्यात एक अडचण असते, ती पुण्या-मुंबईच्या परीक्षकांना कळायची नाही. मे महिन्यात आमच्या घरात कूलर सुरू असतो. भूतपटाचा सगळा जीव असतो शांततेत. दार करकरण्याआधी जी शांतता पसरते तिच्यात. आणि कूलरच्या घरघरीत शांतता ऐकू येईल कशी? म्हणून माझे चांगले चित्रपट डिसेंबर-जानेवारीत पाहून झालेले आहेत. उन्हाळ्यात पाहिलेल्यांवर कदाचित अन्यायही झाला असेल.

बाकी भीतीशी आमची ओळख पडद्याच्याही आधीची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांच्या खांद्यावर बसून मी मारबत पाहिली. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. तो अक्राळविक्राळ चेहरा गर्दीवरून डुलत येतो, पोट्टे ओरडत असतात की सारी इडापिडा घेऊन जा, आणि शेवटी तिला गावाबाहेर नेऊन जाळतात. मी तेव्हा भोकाड पसरलं होतं म्हणे. पुढच्या वर्षी मात्र पुन्हा न्या म्हणून हट्ट धरला.

तर असा हा आमचा सुखाचा संसार चालला होता. प्रथम वर्षाला असताना विभागाच्या भित्तिपत्रकात माझं एक परीक्षण लागलं. चित्रपट होता विल्यम फ्रिडकिन यांचा १९७३ सालचा ‘द एक्झॉर्सिस्ट’. मी पाच दिवे दिले होते. लिहिलं होतं की मुलीला पलंगाला बांधल्यावरचे प्रसंग अप्रतिम आहेत, ते अजून लांबवायला हवे होते. उलट सुरुवातीचा डॉक्टरांचा आणि तपासण्यांचा भाग कंटाळवाणा झाला आहे. मित्रांनी पाठ थोपटली. मी त्याचा फोटो काढून घरी आणला आणि मावशीला वाचायला दिला.

मावशी आमच्याकडेच राहते. आईची थोरली बहीण. तिने चष्मा लावून सगळं वाचलं.

“चांगलं लिहिलं,” ती म्हणाली. मग जरा वेळाने विचारलं, “त्या पोरीच्या मायनं पहिले डॉक्टर केले?”

“हो, खूप डॉक्टर केले.”

“मले तं थेट बाबाकडंच नेलं होतं.”

मग तिने सांगितलं ते असं. चौदाव्या वर्षी तिला आकडी येऊ लागली. गावाने ठरवलं, हिला धरलं आहे. तीन दिवस एका खांबाला बांधून ठेवलं. मिरच्यांची धुरी दिली. ओल्या फोकाने मारलं. तिच्या मनगटावरचा तो पांढरा व्रण मी लहानपणापासून पाहत आलो होतो. बांगडी फुटून लागलं असेल असं समजत होतो. पुढे पाच वर्षांनी कुणीतरी तिला नागपूरला मेडिकलमध्ये आणलं, गोळ्या सुरू झाल्या आणि आकडी थांबली. अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा आपल्या राज्यात २०१३ साली झाला. मावशीचे ते तीन दिवस त्याच्या कितीतरी आधीचे.

“अजून लांबवाचं होतं म्हणतं तू,” ती म्हणाली. रागावून नाही. मजकूर नीट कळला की नाही, हे पडताळून पाहावं तशी.

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुधा दिलंच नाही.

तो चित्रपट मी नंतर पुन्हा पाहिला. मला कंटाळवाणा वाटलेला दवाखान्याचा भाग या वेळी पाहवेना. मानेत शिरणारी ती सुई, यंत्राचा तो खडखडाट, आणि काचेपलीकडे हात बांधल्यासारखे उभे राहिलेले मोठे लोक. मग सगळी वहीच चाळली. मुंजा, वेताळ, ब्रह्मराक्षस अशी पुरुषांची केवढी थोरली यादी आपल्याकडे आहे, पण माझ्या वहीत पानोपानी केस सोडलेली बाई. तिला कुणी मारलं हे मी बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकलं होतं. ती कशी दिसते यावर परिच्छेद लिहिले होते. २०१७ सालच्या ‘लपाछपी’ला मी दोनच दिवे दिले होते, कारण काय तर ‘उसाचे शेत फार वेळ दाखवले आहे’. त्या शेताने काय गिळलं होतं त्याचा उल्लेखसुद्धा नाही!

१३ सप्टेंबर २०२४ ला ‘तुंबाड’ पुन्हा प्रदर्शित झाला. २०१८ साली आला तेव्हा मी शाळेत होतो, कुणी नेलं नव्हतं. दिग्दर्शक राही बर्वे यांनी सांगितलं आहे की नारायण धारपांची एक कथा त्यांना १९९३ साली एका मित्राने नागझिऱ्याच्या जंगलात ऐकवली, तिथून हे सारं सुरू झालं. नागझिरा म्हणजे आपल्या भंडारा-गोंदियाकडचं. त्यामुळे या चित्रपटावर थोडा हक्क आमचाही आहे, असं मी मित्रांना ऐकवत असतो. निघताना मावशी म्हणाली, मीही येते. मी दोनदा विचारलं. ती चप्पल घालून दारात उभी.

त्या चित्रपटात साखळदंडाने जखडलेली एक म्हातारी आहे. ती झोपलेली असते तोवर ठीक. जागी झाली की सारं घर थरथरतं. पोरगा तिला जेवण घेऊन जातो त्या प्रसंगाला थिएटरात किंचाळ्या उठल्या. माझे हात खुर्चीवर घट्ट झाले होते. मी अंधारात मावशीकडे पाहिलं. ती पदर तोंडाशी धरून एकटक बघत होती.

बाहेर आल्यावर आम्ही चहा घेतला. पाऊस नुकताच थांबला होता. मी विचारलं, “भ्यालीस काय?”

“भ्याले ना. तो खालचा लाल वाला लईच भेसूर होता.” मग बशीत चहा ओतता ओतता म्हणाली, “बुढीचं काही नाही. तिले भूक लागली होती.”

घरी येऊन मी वही उघडली. संगीतावर लिहिलं, पावसावर लिहिलं, छायाचित्रणावर दीड पान लिहिलं. म्हातारीपाशी आलो तेव्हा मावशीचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. दिव्यांचा रकाना मात्र भरता येईना. त्या रात्री दिवा लावूनच झोपलो होतो, पण तो मावशीने लावला होता.