तट नसलेला तुरुंग

सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत आहे. तिला तट नाही. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेली माणसे इथे जमीन कसतात. बायकापोरांना सोबत ठेवण्याचीही मुभा त्यांना मिळत आली आहे. पळायचेच म्हटले तर माणदेशाचा उघडा माळ चारी दिशांना पडलेला. त्यामुळे इथे राहायचे की नाही, हे ज्याचे त्याने रोज नव्याने ठरवायचे. बंद कोठडीत संयमाचा कस लागत नाही. तिथे माणसाच्या वतीने गजच संयम पाळतात. गज काढले, की राग, सूड आणि घरची ओढ आवरण्याचे काम ज्याचे त्याच्याकडे येते. शिक्षा संपायला वर्षे असतात, पण माणूस मोकळा व्हायला लागतो तो इथून.

ही वसाहत औंध संस्थानाच्या काळातली, १९३९ ची. तिच्यामागे मॉरिस फ्रीडमन होते. पोलंडचे हे अभियंते गांधीविचाराने भारावले आणि भारतानंद झाले. औंधात असे काही घडावे याचे नवल नाही. सातारा-सांगलीकडे विखुरलेल्या या छोट्या संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे कट्टर पुरस्कर्ते. शरीराला वळण लावणाऱ्या या राजाने सत्तेलाही लगाम घातला. गांधीजींच्या सल्ल्याने जानेवारी १९३९ मध्ये संस्थानाला राज्यघटना दिली आणि गावचा कारभार पंचायतींच्या हाती सोपवला. पहाटे उठून नमस्कार घालणे त्या मानाने सोपे. हातातली सत्ता आपण होऊन सोडणारे संस्थानिक किती निघाले?

स्वतंत्रपूरवरून व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) निघाला. कथा माणदेशच्याच ग. दि. माडगूळकरांची. पडद्यावर सहा खुन्यांना जेलरच्या डोळ्यांचा धाक जागेवर ठेवतो. चित्रपट म्हणून हे प्रभावी आहे, पण वसाहतीचे मर्म तिथे थोडे निसटते. दुसऱ्याच्या नजरेने आवरलेला माणूस अजून पहाऱ्यातच असतो. पाहणारे कोणी नसतानाही जो पाटाचे पाणी वळवत राहतो, त्याला पहाऱ्याची गरज उरलेली नसते.

१९४८ मध्ये औंध विलीन झाले आणि त्याची घटनाही संपली. स्वतंत्रपूर मात्र पुढे तुरुंग खात्याकडे आले आणि खुली वसाहत म्हणून चालू राहिले.