बांधावरचा आंबा

आमच्या ढोकीच्या शिवारात बांधावर एक गावरान आंबा होता, आजोबांच्याही आधीचा. फळ लहान आणि आंबट, पण आईचे लोणचे त्याच्याशिवाय होत नसे. 2003 सालच्या मार्चमध्ये तो मीच तोडायला लावला.

त्याच्या बुंध्याला कमरेच्या उंचीवर तपकिरी फळ्या फुटल्या होत्या. ताटलीएवढ्या, हाताला लाकडासारख्या कडक. मी कृषी खात्यातला माणूस. पाहताक्षणी सांगून टाकले, "बुरशी लागली. झाड आतून कुजलंय. पडायच्या आधी विकून मोकळे व्हा."

आई म्हणाली, "ते मरायलं नाही बाबा, म्हातारं व्हायलंय. असू दे की बांधाला."

दादा काही बोलले नाहीत. शिकलेल्या धाकट्या भावाचा शब्द त्यांना मोडवेना. आंबा तोडायला परवानगी लागते, तो कागदही मीच करून आणला.

खोड आडवे झाले तेव्हा मी तिथेच उभा होतो. मध्ये हात कोपरापर्यंत जाईल एवढी पोकळी, आणि तिच्या तळाशी पिंगळ्याची तीन पिले. दोन जागीच गेली होती. तिसरे आईने टोपलीत चिंध्यांवर ठेवले, ते सकाळी गेले. पोकळीभोवतीचे चार बोटे लाकूड मात्र हिरवेकंच, रस गळत होता. वखारवाल्याने पोकळी दाखवून किंमत निम्मी केली. लोणच्याचा विषय आईने त्या वर्षी काढला नाही.

मला बुरशी माहीत होती ती पिकावरची. तांबेरा, भुरी, हरभऱ्यावरची मर. बुरशी म्हणजे शत्रू आणि तिच्यावर फवारणी, एवढेच आमचे शास्त्र. लाकडावरच्या बुरशीचे मी नंतर वाचत गेलो, आणि आई बरोबर होती हे ध्यानात आले. झाडाच्या गाभ्याचे लाकूड तसेही मेलेलेच असते. पाणी आणि अन्न वाहते ते सालीजवळच्या थरातून. गाभा खाणारी बुरशी तो पोकळ करते, तरी झाड पुष्कळदा आणखी कित्येक वर्षे जगते, मोहरते, फळते. त्या पोकळीला आपण ढोली म्हणतो. पोपट, साळुंकी, पिंगळा यांना ढोली स्वतः खणता येत नाही. सुतार पक्ष्याला येते, पण तोही चोच मारायला बुरशीने मऊ केलेले लाकूड पाहतो. पिंगळा रात्री किडे आणि उंदीर टिपतो, हे शेतकऱ्याला मी काय सांगावे! त्या साली आमच्याकडे उंदीर वाढले. ते त्यामुळेच, असे मात्र मी म्हणणार नाही.

झाडावर दिसणारी फळी म्हणजे बुरशीचे नुसते फळ. तिचे खरे शरीर लाकडाच्या आत पांढऱ्या तंतूंनी पसरलेले असते. लाकडाला कडकपणा देणारे लिग्निन नावाचे द्रव्य फोडणे फार थोड्या जीवांना जमते, आणि त्यात या बुरशांचा हात धरणारा कोणी नाही. वारुळाची आपण नागपंचमीला पूजा करतो. त्या वारुळातली वाळवीसुद्धा खाल्लेले लाकूड एकटीने पुरते पचवीत नाही. ती आत बुरशीची बाग लावते आणि तिच्याकडून ते पचवून घेते. सोयाबीनच्या भुसकटावर आपल्या बचतगटातल्या भगिनी धिंगरी अळंबी घेतात, तीही मूळची मेलेल्या लाकडावरचीच. (रानातली मात्र ओळखीशिवाय तोंडात घालू नका, माणसे दगावतात.)

येडशीचे रामलिंग आपल्याला जवळ. श्रावणी सोमवारी सगळेच जातो. देवळाभोवतीचे बालाघाटातले हे पानझडी जंगल 1997 साली अभयारण्य झाले, सुमारे 22 चौरस किलोमीटरचे. चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात मी तिथे पडलेल्या एका खोडाजवळ बराच वेळ बसलो. त्यावर नखाएवढे करडे, केसाळ पंखे दाटीने आले होते. हे पंखे उन्हाळ्यात वाळून आखडतात आणि पहिल्या सरीबरोबर पुन्हा उघडतात. आपल्या कोरडवाहू मुलखाला शोभेल असाच जीव! साल उचलली तर खाली पांढरे जाळे, गोम, भुंगेऱ्याच्या अळ्या, आणि बोटांनी चुरा होणारे लाकूड. ओल त्या चुऱ्यातच होती. भोवतालची जमीन वरून सुकलेली.

असे खोड कोणी सरपणाला नेले तर नेणाऱ्या बाईला मी दोष देणार नाही, तिची चूल तिला ठाऊक. पण परवानगीशिवाय अभयारण्यातले वाळके लाकूडही नेता येत नाही, हा 1972 च्या कायद्यातला नियम मला पूर्वी जाचक वाटे, आता वाटत नाही. फिनलंडात वखारींसाठी जंगल वर्षानुवर्षे झाडूनपुसून स्वच्छ ठेवले. मग मोजले तर जंगलातल्या जीवजातींपैकी पाचवा ते चौथा हिस्सा मेलेल्या लाकडावरच अवलंबून निघाला. आता तिथे मुद्दाम खोडे पडू देतात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने 2025 च्या मार्चपर्यंत जगातल्या सुमारे 1300 बुरशा तपासल्या. त्यांतल्या किमान 411 नाहीशा होण्याच्या वाटेवर आहेत. जुनी जंगले तुटणे हे त्याचे एक कारण.

सरसकट सगळे राखा असे मी म्हणत नाही. काही बुरशा जिवंत मुळे कुजवून झाड मारतात. बागेत बुंध्याशी जमिनीलगत लाखेसारखी चकचकीत छत्री आली तर ते झाड मुळासकट काढलेले बरे. घरावर किंवा वाटेवर कललेले पोकळ झाड ठेवून जीव धोक्यात घालू नये. पण बांधाच्या कडेला, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला बुंधा पेटवून द्यायची घाई कशाला? उसाचे पाचट पेटवायची आपल्याला खोड लागली, तिचाच हा भाऊ.

आंब्याचा खुंट आम्ही खणला नव्हता, जेसीबीचे पैसे नको म्हणून. त्यावर दरवर्षी काही ना काही उगवत गेले आणि आता तिथे काळी भुसभुशीत माती उरली आहे. ती सूनबाई टोपलीने तुळशीला नेते. आई 2014 साली गेली.

गेल्या पावसात दादांनी फोन केला, "वरच्या बांधाच्या लिंबाला फळी फुटलीय रे. काय करावं?" मी म्हटले, "असू द्या की." ते हसले. पिंगळा अजून आलेला नाही. लिंब तसा तरणा आहे, ढोली व्हायला वेळ लागेल.