धाग्यादोऱ्यांतून पाहा व्हिएतनाम

व्हिएतनाम म्हटलं की हा लाँग बेची क्रूझ आणि हातांवर पेललेला सोनेरी पूल, एवढंच डोळ्यांसमोर येतं. बहुतेक टूरही तेवढंच दाखवतात. पण तुम्हाला कापड हातात घेऊन निरखायला आवडत असेल, रंग कसा चढतो हे पाहण्याची उत्सुकता असेल, तर या देशाची सहल वेगळ्या पद्धतीनेही आखता येते. इथे 54 समाजगट आहेत आणि अनेकांची ओळख आजही त्यांच्या विणकामावरून, भरतकामावरून पटते. अशा सहलीत तुम्ही फक्त पाहत नाही, तर स्वतःच्या हातांनी काहीतरी करूनही पाहता. मुलांनाही त्यात मजा येते.

सुरुवात हनोईतून

पहिला दिवस हनोईतल्या व्हिएतनामी महिला संग्रहालयाला द्या. वेगवेगळ्या समाजांतल्या स्त्रियांचे पोशाख, दागिने, माग असं सगळं तिथे एकाच छताखाली आहे. पुढे खेड्यांत काय बघायचं, याची नजर इथेच तयार होते.

दुसऱ्या दिवशी रेशमाचं गाव वान फूक गाठा. शहराच्या मध्यापासून ते साधारण 10 किलोमीटरवर आहे. मेट्रोने हा डाँग भागापर्यंत जाऊन पुढे टॅक्सी करता येते. इथली रेशीम विणण्याची परंपरा हजार वर्षांहून जुनी मानतात. आता बहुतेक माग विजेवर चालतात, त्यामुळे गल्लीत शिरताच खटखट ऐकू येते. ‘वान’ नावाचं रेशीम नक्की पाहा. समोरून ते साधं दिसतं, उजेडात धरलं की त्यात विणलेली नक्षी उमटते. व्हिएतनामी स्त्रियांचा आओ दाई, म्हणजे लांब, बाजूने चिरलेला अंगरखा आणि सुळसुळीत पायजमा, अशाच रेशमात खुलून दिसतो.

डोंगरातली निळाई

खरा खजिना मात्र उत्तरेच्या डोंगरांत आहे. सापाच्या आसपासच्या आणि हा जियांगमधल्या लुंग तामसारख्या गावांत ह्मोंग स्त्रिया हेंपचं कापड विणतात. हेंप हे भांगेच्याच कुळातलं झाड. त्याच्या सालीचे बारीक पट्टे काढून ते टोकाला टोक जोडत लांब करतात. बोलताना, चालताना, बाजारात बसलेलं असतानाही बायकांची बोटं हेच काम करत असतात. मग सूत पिळायचं, राखेच्या पाण्यात पुन्हा पुन्हा उकळून पांढरं करायचं आणि अरुंद मागावर विणायचं. विणून झालेलं कापड लाकडी ओंडक्यावर ठेवतात, वर सपाट दगड ठेवतात आणि त्या दगडावर उभं राहून डावी-उजवीकडे झुलतात. दगडाखाली कापड गुळगुळीत होत जातं.

यानंतर येते बाटिकची पाळी. बांबूच्या दांड्याला धातूचं छोटं पातं लावलेल्या लेखणीने वितळलेल्या मेणाच्या रेघा ओढतात. कापड निळीत बुडवायचं, वाळवायचं, पुन्हा बुडवायचं, असं कित्येक दिवस चालतं. शेवटी ते गरम पाण्यात उकळलं की मेण निघून जातं आणि गडद निळ्यावर पांढरी नक्षी उरते. रंगवणाऱ्या बायकांचे हातही निळे झालेले असतात.

ह्मोंगांसाठी हेंप म्हणजे केवळ वस्त्र नाही. मृत्यूनंतर अंगावर हेंपचे कपडे असतील तरच पूर्वज आपल्याला ओळखतील, अशी त्यांची जुनी श्रद्धा आहे. म्हणूनच स्वस्त पॉलिस्टर घरोघरी पोहोचलं तरी हा धागा तुटला नाही.

सापाजवळच्या ता फिन गावात लाल दाओ स्त्रियांचं भरतकामही पाहा. बाटिक आणि निळीच्या रंगकामाचे छोटे वर्ग सापाच्या परिसरात मिळतात. अर्ध्या दिवसात स्वतःचा रुमाल रंगवून होतो.

होई आनचे कंदील आणि शिंपी

मध्य व्हिएतनाममधलं होई आन हे जुनं बंदर 1999 पासून जागतिक वारसा यादीत आहे. हस्तकला आणि लोककलेसाठी 2023 मध्ये ते युनेस्कोच्या सर्जनशील शहरांतही आलं. इथले शिंपी एक-दोन दिवसांत कपडे शिवून देतात. शेवटच्या दिवसावर विसंबू नका. एकदा घालून बघायला आणि दुरुस्तीला वेळ ठेवा. मुलांना कंदील बनवण्याच्या वर्गात न्या. बांबूच्या सांगाड्यावर रेशमी कापड ताणून चिकटवताना आपल्या आकाशकंदिलाची आठवण येईलच.

चाम लोकांची वस्त्रं

होई आनहून जवळच मी सनची शिवमंदिरं आहेत. ती बांधणाऱ्या चाम लोकांचे वंशज आजही दक्षिणेला फान रांगच्या आसपास राहतात. तिथल्या मी न्येप गावात स्त्रिया मागावर विणतात, तर शेजारच्या बाउ चुकमध्ये मडकी घडवतात. तिथे कुंभाराचं चाक नाही. मडकं जागेवर राहतं आणि घडवणारी बाईच त्याच्याभोवती फिरते! ही कला 2022 मध्ये युनेस्कोने तातडीने जपण्याच्या वारशांत नोंदवली.

हिंदू चाम लोकांचा काते हा सण साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो. देवाची वस्त्रं डोंगरातल्या राग्लाई लोकांनी सांभाळलेली असतात. ती मिरवत मंदिरात आणतात, देवाला स्नान घालतात आणि मग ती वस्त्रं नेसवतात. आपल्याकडच्या कुणालाही हे दृश्य परकं वाटणार नाही.

खरं कापड कसं ओळखाल?

पर्यटक वाढले तसे छापील नक्षीचे स्वस्त कपडेही बाजारात आले. ते ‘हातचे’ म्हणून विकले गेले की महिनोन्‌महिने राबणाऱ्या बाईचा माल मागे पडतो. पैठणी घेताना आपण मागची बाजू पाहतो, तसंच इथेही करा.

• मेणाच्या बाटिकमध्ये रंग आरपार गेलेला असतो. मागची बाजू फिकी असेल तर ते बहुधा छापील असतं.
• हाताने ओढलेल्या रेघा थोड्या कमी-जास्त असतात. सगळ्या तंतोतंत सारख्या दिसल्या तर शंका घ्या.
• रेशमाचा सुटा धागा जाळला तर केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते. कृत्रिम धागा वितळून त्याची गोळी होते. दुकानदाराला विचारूनच हे करा.
• शक्यतो विणणाऱ्या बायकांकडून किंवा त्यांच्या सहकारी संस्थेतून घ्या.
• घासाघीस करा, पण त्या कापडामागचे दिवसही मोजा.
• निळीचे कपडे पहिल्या काही वेळा थंड पाण्यात वेगळे धुवा.

निघण्यापूर्वी

भारतीयांना ई-व्हिसा घ्यावा लागतो. मुंबई-दिल्लीसारख्या शहरांतून थेट विमानं आहेत. उत्तरेसाठी मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर हे महिने चांगले. होई आनला मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुराची भीती असते. जुलै 2025 मध्ये तिथल्या प्रांतांची फेररचना होऊन 63 चे 34 झाले. त्यामुळे जुन्या पुस्तकातला पत्ता आणि फोनमधला नकाशा जुळला नाही तर गोंधळू नका, गावाच्या नावाने शोधा. आठवडाभराचीच सुट्टी असेल तर हनोई आणि सापा एवढंच करा. फान रांग दूर आहे, त्यासाठी वेगळे दोन-तीन दिवस हवेत.

माणसांचे फोटो विचारून काढा. आणि बॅगेत थोडी जागा रिकामी ठेवा. फार नको, एकच कापड आणा, पण ते कुणी विणलं आणि कसं रंगवलं, हे घरी सांगता येईल असं आणा.