आर्मीचा ऑप्शन



अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये संघाने आक्रमणाची पद्धत बदलावी का, हा वाद दर हंगामात कुठे ना कुठे पेटतो. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचा संघ, म्हणजे आर्मी, हे त्यातले बोलके उदाहरण. या संघाने पद्धत बदलली आणि पुढच्याच हंगामात पावले मागे घेतली.

आर्मीची जुनी पद्धत ट्रिपल ऑप्शनची. क्वार्टरबॅक सेंटरला खेटून उभा राहतो. चेंडू हातात येताच त्याची नजर बचावफळीतल्या एकाच खेळाडूवर असते. त्याला मुद्दाम कोणी अडवलेले नसते. तो बाहेर थांबला, तर चेंडू मधून घुसणाऱ्या फुलबॅकच्या पोटाशी जातो. तो आत वळला, तर क्वार्टरबॅक चेंडू काढून घेऊन कडेने पळतो आणि पुढचा बचावपटू अंगावर आला की बाजूच्या धावपटूकडे फेकतो. मोकळा सोडलेला माणूस काहीही केले तरी फसतो, आणि इतरांना अडवायला एक गडी जास्तीचा मिळतो.

आर्मीला या जास्तीच्या गड्याची गरज असते. इथल्या पदवीधराला किमान ५ वर्षे सैन्यात काढावी लागतात, वजनाचे निकषही पाळावे लागतात. त्यामुळे व्यावसायिक एनएफएलकडे डोळे लावून बसलेली धिप्पाड मुले तिकडे फारशी फिरकत नाहीत. पळण्याच्या डावांत घड्याळही चालू राहते. २०१८ साली बलाढ्य ओक्लाहोमाविरुद्ध आर्मीने ६० पैकी जवळपास ४५ मिनिटे चेंडू स्वतःकडे ठेवला आणि सामना जादा वेळेपर्यंत खेचून २१-२८ असा गमावला.

बदलाचे निमित्त नियमाने पुरवले. कमरेखाली ब्लॉक करून लहान चणीचा खेळाडू थोराडाला आडवा पाडू शकतो. २०२२पासून कडेच्या मोकळ्या भागात अशा ब्लॉकला बंदी आली. प्रशिक्षक जेफ मंकन यांनी २०२३मध्ये ड्रू थॅचर यांच्याकडे आक्रमण सोपवले आणि क्वार्टरबॅक काही यार्ड मागे, शॉटगनमध्ये गेला. एलएसयू विद्यापीठाच्या संघाने आर्मीचा ६२-० असा धुव्वा उडवला. त्यानंतर मॅसॅच्युसेट्ससारख्या दुबळ्या संघाकडूनही १४-२१ अशी हार झाली. पुढे हवाई दल आणि नेव्ही या दोन्ही अकादम्यांना हरवल्यामुळे हंगाम ६ विजय, ६ पराभवांवर निभावला.

२०२४मध्ये कोडी वर्ली यांच्या हाती सूत्रे आली. क्वार्टरबॅक पुन्हा सेंटरमागे आला, शॉटगनमधले काही डाव मात्र ठेवले गेले. क्वार्टरबॅक आदल्या हंगामातलाच, ब्रायसन डेली. त्याने पळून ३२ टचडाउन केले आणि संघ १२-२ वर पोहोचला. त्याच वर्षी आर्मी अमेरिकन कॉन्फरन्समध्ये गेली होती आणि प्रतिस्पर्धीही बदलले होते, तेव्हा सगळे श्रेय पद्धतीला देणे घाईचे ठरेल. तरीही नव्या नियमावर डागडुजी पुरली असती, पाया उखडण्याचे कारण नव्हते, असेच म्हणावे लागते.

आर्मीसारख्याच ऑप्शनवर खेळणाऱ्या जॉर्जिया टेकने २०१९मध्ये तो सोडला, तेव्हा सलग तीन हंगामांत तीन-तीनच सामने जिंकले. पण त्या विद्यापीठावर लष्करी अटी नाहीत. हवे तसे खेळाडू गोळा करून ते पुढे ऑप्शनशिवायच सावरले.

ऑप्शनची खरी धार त्याच्या अपरिचयात आहे. प्रतिस्पर्ध्याला सहसा आठवडाभराचाच सराव मिळतो. नेव्हीला मात्र ऑप्शन घरचाच. २०२४मध्ये तिने आर्मीला ३१-१३ असे हरवले.