उन्हातलं घुबड

अकोल्याच्या जठारपेठेतून दुपारचं जेवण उरकून निघालो. वाट ओळखीची : अकोट, अंजनगाव सुर्जी, परतवाडा आणि पुढे मेळघाटचा घाट. गांधीग्रामला पूर्णा ओलांडली, गुळपट्टी घेतली. दोन्ही अंगांना वेचणीला आलेली पऱ्हाटी आणि शेंगांनी लवलेली तूर. अंजनगावकडे पानपिंपळीचे मळे लागले, परतवाड्याजवळ संत्र्याच्या बागा. घटांगची वळणं चढताना गाडीच्या काचा वर घ्याव्या लागल्या. मुक्काम सेमाडोहला.

घुबडाचे फोटो काढायला चाललोय म्हटल्यावर शेजाऱ्यांनी बॅटरीची आठवण करून दिली होती. पण मला हवा होता रानपिंगळा, म्हणजे दिवसाढवळ्या शिकार करणारं घुबड. थंडीत तो सकाळी उघड्या फांदीवर ऊन खात बसतो. तीच त्याला टिपायची वेळ.

या वीतभर पक्ष्याची कहाणी मोठी आहे. काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या ॲलन ह्यूम यांनी 1873मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे काही नमुने मिळवले. 1884नंतर मात्र एकही खात्रीचा नमुना नाही. पक्षी नामशेष झाला असावा, असं अनेकांनी धरलं. 1914मध्ये गुजरातेतल्या मांडवीला तो मिळाल्याची एक नोंद तेवढी होती, रिचर्ड माइनर्त्झहागेन या पक्षीसंग्राहकाची. ती बनावट निघाली. त्यांनी ब्रिटिश संग्रहालयातला डेव्हिडसनचाच एक नमुना चोरून, पुन्हा भरून, त्यावर नवी चिठ्ठी लावली होती. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती चिठ्ठी बाजूला सारली आणि जुन्या खऱ्या नोंदींच्या मागे त्या खानदेशात आल्या. 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळ सहकारी बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासह त्यांना रानपिंगळा दिसला, तोही सकाळच्या उन्हात. मेळघाटात तो आढळला त्यानंतर.

पहाटे कोरकू वाटाड्या आला. मी सागाच्या ढोल्या न्याहाळत होतो. तो म्हणाला, “भाऊ, खाली नका पाहू. शेंड्यावर पाहा. ऊन खात बसते थे.” मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावायचा नाही, हे आमचं आधीच ठरलं होतं. थंडीत यांचा विणीचा हंगाम चालू असतो. खोट्या आवाजाला दुसरा नर समजून हा ढोली सोडून भांडायला येतो आणि शिकारीचा वेळ वाया घालवतो.

अखेर एका वठलेल्या फांदीवर तो दिसला. गावातल्या पिंगळ्याचं डोकं ठिपक्यांनी भरलेलं असतं, याचं जवळजवळ कोरं. छाती गडद, पोट पांढरंशुभ्र, पाय दणकट. शेपटी डावी-उजवीकडे झटकत तो खालच्या गवतावर नजर लावून होता.

बसलेल्या घुबडाचा फोटो धीर धरला की मिळतो. उडतानाचा मिळवायला त्याच्या सवयी वाचाव्या लागतात. शटर 1/3200 सेकंदावर ठेवलं, आयएसओ वाढवला, फोकस सतत चालू ठेवला. फ्रेममध्ये पक्ष्याच्या पुढे आणि खाली मोकळी जागा सोडली, कारण हा वर झेपावत नाही, भक्ष्यावर उतरतो. उडण्याआधी बरेच पक्षी शिटतात, तीच खूण. तो शिटला, पुढे वाकला, आणि मी बटण दाबून धरलं. गव्हाणी घुबडाचं संथ तरंगणं इथे नाही. झपझप पंख मारत तो सरळ गवतात शिरला. वर आला तेव्हा चोचीत सरडा होता. बहुतेक फ्रेममध्ये नुसती शेपटी आली. एकीत मात्र दोन्ही पंख पसरलेले, पट्टे मोजता येतील इतके स्पष्ट.

परतल्यावर मित्रांना फोटो पाठवला. पहिलाच प्रश्न आला : नेमका कुठे? फोटोखाली फक्त “मेळघाट, हिवाळा” एवढंच लिहिलं आणि फाइलमधली जीपीएसची नोंद पुसून टाकली. खोट्या पत्त्याने या पक्ष्याचा शोध भरकटवला. आता ढोलीचा खरा पत्ता फुटला, तर आवाज लावणारे मोबाइल आणि कॅमेरे तिथे रांग लावतील. अभ्यासकांना आणि वनखात्याला जागा सांगितलीच पाहिजे. बाकीच्यांनी शेंड्यावर पाहत हिंडावं.