समुद्राची बाजू

आमच्या महाविद्यालयाचा फुटबॉल-संघ यंदाच्या श्रावणात तीन विरुद्ध एक गोलांनी हरला, ही बातमी कुठल्याही वर्तमानपत्रात आली नाही. यायचे कारणही नव्हते. उपनगरातले एक मैदान, वरून पावसाची भुरभुर, आणि प्रेक्षक म्हणून आम्ही बावीसजण. म्हणजे खेळाडूमागे एक! पण त्या बाविसांत मी होतो. मी मराठी शिकवतो. लहानपणी वडिलांचे बोट धरून कूपरेजवर रोव्हर्स चषकाचे सामने पाहिले असल्यामुळे फुटबॉलमधले आपल्याला कळते, अशी माझी समजूत आहे. १८९१ साली सुरू झालेली ती स्पर्धा आता बंद पडली. समजूत मात्र चालू आहे.

हजेरीपटाच्या मागच्या कोऱ्या पानावर मी सामन्याची टिपणे केली. पूर्वार्धात आमच्या मुलांनी सतरा चढाया केल्या, त्यांतल्या तेरा डाव्या बगलेने. आमचा एकुलता एक गोल तिकडूनच झाला. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या आणि पाहतो तो चौदांपैकी अकरा चढाया उजव्या बगलेने! कर्णधाराने मध्यंतरात डाव बदलला, असे मला वाटले आणि त्याचे कौतुकही वाटले. पण प्रतिपक्षाने आपला ताडमाड बचावपटू नेमका त्याच बगलेवर आणून उभा केला आणि आमच्या चढाया त्याच्या छातीवर आपटून परत येऊ लागल्या.

आमच्यावरचे तिन्ही गोल झाले ते पलीकडच्या, मोकळ्या बाजूने. लांबवर मारलेला चेंडू, त्यामागे त्यांचा एक चपळ गडी, आणि आमचा बचावपटू जागच्या जागी उभा. पूर्वार्धात तिकडे आमचा उजवा बचावपटू होता, उत्तरार्धात डावा. दोघेही धावले नाहीत. तिसऱ्या गोलाच्या वेळी तर गोलरक्षक सावकाश पुढे आला, मध्येच थबकला, मागे वळला, आणि चेंडू त्याच्या बगलेतून जाळ्यात गेला. बचावपटू दोन, चूक एकच. तेव्हा दोष दोघांना सांभाळणाऱ्या तिसऱ्याचा, असा मी निकाल दिला. वाणिज्य शाखेच्या आमच्या स्नेह्यांनी आदल्या दिवशीच्या दहीहंडीला दोष दिला, तो मी तुच्छतेने बाजूला सारला.

एवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. सोमवारी माझ्या तासाला तो गोलरक्षक पाच मिनिटे उशिरा आला. मी म्हणालो, "यावे, यावे. गोल सोडून कुठे गेला होतात?" वर्ग खदखदून हसला. तोही हसला, पण मानेला झटका दिल्यासारखा, आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसला. मंगळवारी तो आला नाही. बुधवारीही नाही. हजेरी घेताना त्याचा क्रमांक आला की माझा आवाज उगाचच खाली जाऊ लागला.

गुरुवारी कर्णधार भेटला. संघ सरावाला कुठे जातो, असे मी सहज विचारल्यासारखे विचारले. आमच्या महाविद्यालयाला मैदान नाही. जे अंगण आहे ते प्राध्यापकांच्या स्कूटरींनी भरलेले असते, त्यांत एक माझी. "वर्सोव्याला, सर. आज अमावास्या आहे ना, आज मैदान आहे," तो म्हणाला. अमावास्येचा आणि मैदानाचा संबंध मला कळला नाही. पण न कळल्याचे दाखवायचे नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम.

घाटकोपरहून मेट्रोत बसले की वर्सोव्याला उतरता येते. २०१४ सालापासून ही सोय झाली. पण मेट्रोचे वर्सोवा निराळे आणि समुद्राचे निराळे. स्थानकाबाहेर येऊन समुद्र शोधणाऱ्या पाहुण्याला समोर दिसतात त्या इमारती. पुढे रिक्षा करायची, सात बंगला मागे टाकायचा, आणि रस्ता अरुंद होऊन माशांचा वास येऊ लागला की आपण बरोबर चाललो आहोत असे समजायचे. कोळीवाड्यात बोंबील वाळत घालायचे बांबूंचे मांडव अजून रिकामे होते. नारळी पौर्णिमा होऊन होड्या पाण्यात गेल्या होत्या. खाडीपलीकडे मढ, तिथला किल्ला मराठ्यांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून घेतला, आणि त्याला वर्सोव्याचा किल्ला असेही म्हणतात.

किनाऱ्यावर मुले खेळत नव्हती, कचरा वेचत होती. हा किनारा एके काळी प्लास्टिकच्या ढिगाखाली दिसेनासा झाला होता. २०१५ च्या ऑक्टोबरात लोकांनी तो साफ करायला घेतला, आणि २०१८ च्या मार्चमध्ये इथे कासवांची पिल्ले अंड्यांतून निघून समुद्राकडे गेली. पण पावसाळ्यात समुद्र आपल्याकडचे परत करतोच. तेव्हा आमच्या संघाचा सराव सुरू होतो तो मैदान वेचण्यापासून.

अमावास्येचे कोडे कर्णधाराने उलगडले. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अमावास्येचे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारच्या सुमारास भरती आणि संध्याकाळी सहाच्या आसपास ओहोटी. तीही उधाणाची, पाणी लांबवर ओसरणारी. मैदान मोठे. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. संध्याकाळी मैदानच पाण्याखाली! आमचा सामना झाला वद्य दशमीला. त्याआधीचे चार-पाच दिवस मुलांना पाय ठेवायला जागा नव्हती. क्रीडा-समितीने वेळापत्रक आखताना पंचांग पाहिले नव्हते, आणि त्या समितीवर मी आहे.

खेळ सुरू झाला. उत्तरेला दोन बांबू, दक्षिणेला दोन बांबू. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कोळीवाडा. पाण्याकडची वाळू ओली, घट्ट, फरशीसारखी. तिच्यावर चेंडू सुरेख पळतो. कोळीवाड्याकडची वाळू कोरडी राहिलेली, भुसभुशीत. तिकडे गेलेला चेंडू दोन उड्यांत मरतो आणि माणूस घोट्यापर्यंत रुततो. म्हणून चढाई करायची ती पाण्याच्या कडेने. दहा मिनिटे मी नुसता पाहत होतो. मग मुलांनी बाजू बदलल्या. डाव्या बगलेने जाणारी मुले आता उजव्या बगलेने जाऊ लागली, आणि माझ्या अंगावर काटा आला. हजेरीपटाचे ते पान डोळ्यांसमोर आले: तेरा डावीकडून, अकरा उजवीकडून.

कर्णधाराने डाव बदललाच नव्हता. त्या मैदानावर आम्ही प्रेक्षक एका कट्ट्यावर बसलो होतो. मध्यंतरात क्षणभर उतरते ऊन पडले, ते आमच्या पाठीवर. म्हणजे कट्टा पश्चिमेचा. आमच्या साऱ्या चढाया आमच्या पुढ्यातून गेल्या, म्हणून तर मला त्या इतक्या नीट मोजता आल्या. आणि मी ते जागेचे भाग्य समजलो! समुद्र कुठेतरी इमारतींपलीकडे, तरी मुले दोन्ही अर्धांत समुद्राच्या बाजूनेच धावली. पलीकडची बाजू त्यांच्या पायांना कोरडी वाळू वाटत होती. तिकडे कोण धावतो? तिकडचा चेंडू मरतो, गोलरक्षकाने चालत जायचे आणि उचलायचा. तो तसाच सावकाश पुढे आला होता. फक्त गवतावरचा चेंडू मेला नाही.

पायांची ही सवय नवी नाही. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी उतरले आणि फ्रान्सकडून अवघ्या एका गोलाने हरले. त्यांचे कोण कौतुक झाले! चार वर्षांनी हेलसिंकीच्या थंडीत त्याच अनवाणी पायांवर युगोस्लाव्हियाने दहा गोल चढवले. पाय तेच, जमीन निराळी. हे मला पाठ होते. तरीही.

गोलरक्षक बांबूंमध्ये उभा होता. मला पाहून तो कासावीस झाला. हजेरीसाठी आलो, असे त्याला वाटले. "सर, दोन दिवस मामाच्या होडीवर होतो. उधाणाला डोलीत मासळी चांगली लागते, आणि एक माणूस कमी होता." हे खरे असणार. माझ्या बोलण्याचा त्यात काहीच वाटा नव्हता, एवढे मात्र मला स्वतःला पटवता आले नाही.

मी त्याला माझा सगळा शोध सांगितला, आकड्यांसकट. त्याने शांतपणे ऐकून घेतला.

"पण सर, तिसरा गोल माझाच होता. पाऊस पडून गेला होता. चेंडू घसरणार, हे मला कळायला पाहिजे होतं."

मी म्हणालो, "मला वर्गात तसे बोलायला नको होते." हे वाक्य मी मेट्रोत चांगले घोळून ठेवले होते, वाऱ्यात ते त्याला ऐकू गेले की नाही कोण जाणे. म्हणून शुक्रवारी वर्गात पुन्हा म्हटले. वर्ग या वेळी हसला नाही. तो खिडकीबाहेर पाहत राहिला.

पुढचा सामना भाद्रपद वद्य नवमीला आहे. संपादकांना दिवाळी अंकाचा मजकूर त्याआधी हवा, तेव्हा निकाल इथे देता येत नाही. त्या आठवड्यात ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास, तीही भांगाची, जेमतेम पट्टाभर वाळू उघडी पडणारी. बाराला माझा तास असतो. तो मी सकाळी आठला नेला आहे. वर्गातल्या इतर मुलांनी याबद्दल मला अजून क्षमा केलेली नाही.

सरावात माझे काम मुलांनीच ठरवले. मी कोळीवाड्याच्या बाजूला, रुतणाऱ्या वाळूत छत्री धरून उभे राहायचे, आणि बचावपटू तिकडे फिरकला नाही की ओरडायचे. काल तासभर ओरडत होतो. होडीच्या सावलीत जाळे तुणत बसलेल्या एका म्हाताऱ्याने शेवटी विचारले, "मास्तर, कोणाला हाका मारताय? सगळे तर तिकडे पाण्याजवळ आहेत."