परभणीत ‘खाली’ बघा!

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं परभणीकर छातीठोकपणे सांगतात. आपण मुंबई-पुण्याची मंडळी ऐकतो, हसतो आणि वीकेंडला पुन्हा लोणावळाच गाठतो. मीही तेच करायचे. पण परभणीची एक मैत्रीण पिच्छाच सोडेना. ‘अगं, आमच्याकडे बघायला खूप आहे. फक्त खाली वाकून बघावं लागतं!’

मला वाटलं, टोमणा मारतेय. पण ती चक्क पत्ता सांगत होती.

रात्री मुंबईहून देवगिरी एक्स्प्रेस पकडली आणि सकाळी सेलूला उतरून जीपने वालूर गाठलं. टपऱ्या, कापसाने भरलेले टेम्पो, सगळं इतर कुठल्याही गावासारखंच. आणि मग अचानक पायाखालची जमीन गोल कापल्यासारखी खोल गेलेली! ही वालूरची बारव. तिच्या दगडी पायऱ्या सरळ खाली जात नाहीत, गोल फिरत, गिरकी घेत पाण्यापर्यंत पोहोचतात. वरचं ऊन, गाड्यांचे हॉर्न सगळं मागे पडतं. खाली मस्त गारवा.

कॅमेरा काढला, तर काठावरच्या आजी म्हणाल्या, ‘फोटो काढा बाई, पण आधी हे कचऱ्याचं दिवस आठवा.’ कारण ही बारव कित्येक वर्षं गाळ-कचऱ्याने बुजलेली होती. २०२१मध्ये गावकऱ्यांनीच ती उपसून मोकळी केली. पुढच्याच वर्षी टपाल खात्याने महाराष्ट्रातल्या बारवांची चित्र-पोस्टकार्डं काढली, त्यात वालूरचा नंबर लागला. आणि लक्षात घ्या, हा तोच मराठवाडा, जिथे २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. शेकडो वर्षांपूर्वीचे गवंडी पाण्यासाठी एवढं डोकं लावून गेले आणि आपण त्यात प्लॅस्टिक टाकत बसलो. (मीही बिस्किटाचा पुडा घेऊन उतरले होते. रिकामा कागद गुपचूप बॅगेत!)

दुपारी जिंतूर तालुक्यातलं चारठाणा. इथला कोरीव दगडी स्तंभ बघून मान दुखते, गोकुळेश्वराजवळची बारव बघून पाय. गावात म्हणे एकेकाळी ३६० देवळं होती. मोजायला कोण जातंय! पण घरांच्या भिंतींमधून डोकावणारे नक्षीचे दगड बघितले की आकडा फार खोटा वाटत नाही.

पाथरी मात्र राहून गेली. साईबाबांच्या जन्मस्थानावरून जानेवारी २०२०मध्ये शिर्डी बंद झाली होती, ती हीच पाथरी. गंगाखेडची जनाबाईही पुढच्या खेपेला.

जायचं तर हिवाळ्यात जा, उन्हाळ्यात भाजून निघाल. गाडी दिवसभरासाठीच ठरवा, परतीच्या वाहनाची वाट बघण्यात संध्याकाळ जाते. आणि हो, वालूरचं ते पोस्टकार्ड मला काही मिळालं नाही. तुम्हाला दिसलं तर माझ्यासाठीही एक घ्या.